साळखात्याचं दार



माझ्या हातातली ही वस्तू मागच्या रांगांना नीट दिसणार नाही, म्हणून सांगते. हा कापडगिरणीतला धोटा आहे. लाकडाचा, होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना धातूची टोपणं. याच्या पोटात कांडी बसते, कांडीवर बाण्याचं सूत असतं, आणि कडेला हे एवढंसं भोक आहे, चिनी मातीची कड असलेलं. माझे वडील परळच्या एका गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. साचेवाले. १९८२ च्या संपानंतर ते पुन्हा कामावर गेले नाहीत. त्यांच्या पेटीत हा राहिला.

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘सर्वांना सामावून घेणारं कामाचं ठिकाण’ असा छापला आहे. मी कामगार कल्याण अधिकारी म्हणून कारखान्यांत तीस वर्षांहून अधिक नोकरी केली, म्हणून आपण मला बोलावलंत. तेव्हा कायदे, धोरणं यांच्याबद्दल मी बोलावं अशी अपेक्षा असणार. त्यांच्याबद्दल बोलेनच, पण सुरुवात या भोकापासून करते.

साच्यावर, म्हणजे मागावर, कांडी काही मिनिटांतच संपते. साचा थांबवायचा, रिकामी कांडी काढायची, भरलेली बसवायची आणि सुताचं टोक या भोकातून बाहेर आणायचं. सुईत दोरा ओवावा तसं ते बोटांनी जमत नाही. म्हणून विणकर आतून सुताचं टोक भोकाशी धरायचा, बाहेरून भोकाला ओठ लावायचा आणि श्वास आत ओढायचा. सूत तोंडात यायचं, आणि त्याच्याबरोबर रुईचे तंतू, खळ, तेलही. दिवसभर हेच. माझ्या वडिलांचे पुढचे दात पन्नाशीच्या आत गेले. साचेवाल्यांचे दात जातातच, असं आम्हा मुलांना वाटायचं.

आता लक्षात घ्या, धोटा एकाचा नसतो. पाळी बदलली की साचा दुसऱ्याच्या हाती जातो, कुणाचा खाडा झाला की बदली कामगाराच्या हाती जातो, आणि धोटा मात्र तोच असतो. एकाच्या ओठांना लागलेलं भोक दुसऱ्याच्या ओठांना लागतं. या एवढ्या कारणावरून, अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या जातींच्या माणसांना मुंबईच्या गिरण्यांत साळखात्याचं दार बंद होतं.

गिरणीचं दार मात्र त्यांना बंद नव्हतं, आणि माझं आजचं सगळं बोलणं या फरकावर उभं आहे. रिंगवर सूत कातायच्या खात्यात, ज्याला गिरणगावात त्रासन म्हणायचे, तिथे दलित कामगार मोठ्या संख्येनं होते. त्याच भोंग्याला उठायचे आणि त्याच फाटकातून आत जायचे. हजेरीपटावर पाहिलं तर गिरणी सगळ्यांची होती. पण विणकराची मजुरी उतरलेल्या कापडावर मिळायची आणि ती त्रासनपेक्षा बरीच जास्त असायची. म्हणजे जिथे पैसा होता नेमक्या त्या खात्याला भिंत होती, आणि ती कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती.

माझे वडील १९४० च्या दशकात संगमेश्वराकडून मुंबईला आले आणि मामाच्या ओळखीनं साळखात्यात चिकटले. मामा खात्यात माणसं भरणाऱ्या जॉबरच्या गावचे. ही गोष्ट आमच्या घरी कष्टाची आणि नशिबाची म्हणून सांगितली जायची, आणि कष्ट होतेच. पण त्या जागेसाठी जे वडिलांच्या पुढे उभे राहू शकले असते, ते रांगेतच नव्हते, हे मला फार उशिरा उमगलं. वडिलांनी कुणाला अडवलं नाही. त्यांना अडवावं लागलंच नाही.

१९२८ चा संप आपण ‘सहा महिन्यांचा संप’ म्हणून ओळखतो. एप्रिलमध्ये सुरू झाला, ऑक्टोबरमध्ये मिटला, सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. कामगारांच्या मागण्यांची यादी तयार होत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांपुढे एक प्रश्न ठेवला. साळखात्यासह सगळ्या खात्यांत दलित कामगारांना काम करता आलं पाहिजे, ही मागणी यादीत का नाही? ती नसेल तर आपण आपल्या माणसांना संपात उतरू नका असं सांगू, इथपर्यंत त्यांनी ताणून धरलं. धनंजय कीरांनी बाबासाहेबांच्या चरित्रात हे नोंदवलं आहे. पुढाऱ्यांनी अखेर कुरकुरत मागणी घेतली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांचं उत्तर असं होतं की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे.

हे उत्तर मला वर्षानुवर्षं छळत आलं आहे, कारण मालकांच्या बाजूनं ते खरंही होतं. साळखात्यात कोण यावं हे मालक ठरवत नव्हते, जॉबर ठरवत होता. जॉबर म्हणणार, मी काय करू, खात्यातली माणसं साचे सोडून जातील. खात्यातली माणसं म्हणणार, आमचा राग नाही, पण धोटा तोंडाला लावावा लागतो ना. जो तो पुढच्याकडे बोट दाखवतो आणि शेवटचं बोट येऊन थांबतं या लाकडाच्या तुकड्यावर. माणसानं केलेली गोष्ट यंत्राची अडचण होऊन बसते. कामाच्या जागी भेदभाव टिकून राहतो तो याच वाटेनं, असं माझं अनुभवांती मत झालं आहे. द्वेष उघडा दिसतो, त्याला उत्तर देता येतं. ‘कामच तसं आहे’ या वाक्याला उत्तर देणं फार कठीण जातं.

पण काम तसं होतं का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये होपडेल म्हणून गाव आहे. तिथल्या ड्रेपर कंपनीनं १८९० च्या दशकात नॉर्थरॉप नावाचा आपोआप कांडी बदलणारा साचा बाजारात आणला. त्याच्या धोट्यात सूत आपसूक ओवलं जायचं, ओठ लावायची गरजच नव्हती. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ मध्ये तोंडानं सूत ओढायला लावणाऱ्या धोट्यांवर कायद्यानं बंदी घातली, कारण त्यातून रोग पसरतात अशी भीती होती. इंग्रजीत या प्रकाराला ‘धोट्याचं चुंबन’ म्हणत. लँकेशायरमध्ये बंदी यायला मात्र १९५२ उजाडलं.

म्हणजे १९२८ साली मुंबईत साळखात्याचं दार ज्या भोकामुळे बंद आहे असं सांगितलं जात होतं, त्या भोकावरचा उपाय तीसेक वर्षं जुना होता. तो इथे सर्रास आला नाही. आपोआप चालणारा साचा महाग होता आणि इथले हात स्वस्त होते, हे एक कारण. पण दुसरंही एक आहे, आणि ते मला जास्त बोचतं. धोटा बदला, अशी मागणी जोर लावून केलीच गेली नाही. बदलला असता तर माझ्या वडिलांचे दात वाचले असते, छातीत रुई गेली नसती. जी गोष्ट एका जातीला बाहेर ठेवत होती तीच आत असलेल्याचं शरीर खात होती. साळखात्यातल्या माणसांनी आपल्या फुप्फुसांपेक्षा आपला सोवळेपणा जपला. माझे वडील त्यांत होते, म्हणून मी हे म्हणू शकते.

धोट्याची ही गोष्ट सुटी नाही. १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यांनी घेण्याला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. नोकरी मिळाली होती, हुद्दा होता, विद्यार्थी ऐकायला गर्दी करत होते. फक्त माठ नव्हता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली, आणि तिथे बाबासाहेबांनी भाषण केलं. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांचं म्हणणं त्या भाषणातलं म्हणून आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच भाषणात एक साधं निरीक्षण आहे, जे माझ्या पेशातल्या प्रत्येकानं वाचायला हवं. रेल्वेत दलित माणूस आयुष्यभर गँगमन राहतो, त्याला पोर्टर म्हणूनही घेत नाहीत. का? पोर्टरचं काम अवघड आहे म्हणून नव्हे. स्टेशनमास्तर पोर्टरला आपल्या घरच्या कामालाही वापरतो, आणि अस्पृश्य माणूस घरात कसा चालेल, म्हणून.

पोर्टरच्या कामाच्या यादीत स्टेशनमास्तरच्या घरचं पाणी भरणं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तरी नोकरी ठरत होती त्या न लिहिलेल्या भागावरून. नोकरी द्यायच्या जागी बसले तेव्हा मी स्वतः याच भागाच्या आधारे माणसं निवडत होते.

त्याबद्दल आज बोलायचं मी ठरवून आले आहे. जॉबरच्या हातातली भरती काढून घ्या आणि गिरण्यांनी कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस १९३१ मध्ये कामगारांच्या प्रश्नांवरच्या व्हिटली आयोगानं केली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमानं पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. म्हणजे माझा पेशा जन्माला आला तो जॉबरची जागा घ्यायला. आमच्या कारखान्याच्या मुलाखतीच्या फॉर्मवर एक चौकट होती, ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’. मी ती भरून घ्यायची. आडनाव तर वर आलेलंच असायचं. मग वडील काय करतात, मूळ गाव कोणतं, मुंबईत कुणाकडे उतरलात. आपुलकीनं विचारायची, उमेदवाराचा ताण जावा म्हणून. आणि त्या आपुलकीत चार प्रश्नांत मला सगळं कळायचं. मराठी माणसाला आडनाव आणि गाव कळल्यावर आणखी काही विचारावं लागत नाही, हे या सभागृहात समजावून सांगायची गरज नाही. मी कधी कुणाला जातीवरून नाकारलं नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं. पण काही वर्षांनी आमच्या एका खात्यातली निम्म्याहून अधिक माणसं दोनच तालुक्यांतली होती, आणि त्यातला एक माझा.

२००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले होते. पात्रता सारखी, आडनावं वेगळी. काही उच्च जातीची, काही दलित, काही नावं मुस्लिम. उच्च जातीच्या आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी मोठ्या कंपन्यांतल्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर लिहिलं. ते अधिकारी गुणवत्तेवर मनापासून विश्वास ठेवणारे होते, आणि उमेदवाराच्या ‘घरच्या वातावरणा’विषयी विचारल्याशिवाय गुणवत्ता कळत नाही असंही त्यांना मनापासून वाटत होतं. तो लेख वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला. तोवर माझी निवृत्ती तीन वर्षांवर आली होती. मी ती चौकट फॉर्मवरून काढायला लावली. फार उशीर झाला होता.

बायकांचं सांगते, कारण तिथे माझी चूक आणखी उघडी आहे. १९८० च्या दशकात आमच्याकडे जोडणीच्या कामावर पहिल्यांदा मुली घेतल्या. अकराजणी होत्या. बोटं नाजूक, काम बारीक, उत्पादन चांगलं, व्यवस्थापन खूश. वर्षभरात त्यातल्या सात गेल्या. राजीनाम्याच्या कागदावर कारणाचा रकाना असतो, त्यात सगळ्यांचं एकच, ‘घरगुती कारण’. मी सही करून कागद फाइलला लावत गेले. लग्न ठरलं असेल, सासरी नको असेल, असं स्वतःशी म्हणत गेले.

मग एक दिवस त्या लाइनवर दिवसभर उभी राहिले. कायद्याप्रमाणे बायकांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह होतं, पण ते फाटकाजवळच्या कचेरीच्या इमारतीत होतं. जाऊन येऊन दहा मिनिटं. सुट्टी सात मिनिटांची. सुपरवायझर घड्याळ बघत उभा. त्या मुली सकाळी घरून निघाल्यापासून पाणी पीत नव्हत्या. मूत्रमार्गाचा त्रास, ताप, खाडे, आणि मग घरगुती कारण. पुरुष सहकाऱ्यांपुढे हे बोलायची सोय नव्हती, आणि मी बाई असून मला विचारावंसं वाटलं नव्हतं. दोन भिंती आणि एक नळ जोडून लाइनशेजारी सोय करायला आम्हाला तीन आठवडे लागले. पुढच्या तुकडीतल्या मुली टिकल्या. त्या आधीच्या मुलींपेक्षा चिवट नव्हत्या.

केरळात कोळिकोडच्या मिठाई तेरुवु नावाच्या बाजारपेठेतल्या कपड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी नेमक्या याच गोष्टींसाठी संघटना बांधली. स्वच्छतागृह आणि बसायला जागा. गिऱ्हाईक नसलं तरी दिवसभर उभं राहायचं, टेकलं तर पगार कापायचा, अशी पद्धत होती. २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क दिला, २०२१ मध्ये तमिळनाडूनं दिला. दुःख याचं वाटतं की कारखान्यात उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, हे कलम १९४८ च्या कारखाने अधिनियमातच आलं होतं. कारखान्यातल्या पुरुषाला स्टूल मिळालं आणि साडीच्या दुकानातल्या बाईला मिळायला सत्तर वर्षं लागली.

कधी कधी ती भिंत कामाच्या जागेच्या बाहेरच असते. कोची मेट्रोनं २०१७ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना मोठ्या संख्येनं नेमलं, देशभर बातमी झाली, आणि ते पाऊल खरोखर मोठं होतं. पण काही आठवड्यांतच त्यांतल्या काहीजणींनी नोकरी सोडली. शहरात त्यांना कुणी भाड्यानं खोली देईना. लॉजवर राहायचं तर पगार तिथेच संपायचा. नोकरी दिली, पण पाळी संपल्यावर ही व्यक्ती झोपणार कुठे, हा प्रश्न नेमणुकीच्या कागदावर नव्हता.

माझे काही तरुण सहकारी आज मोठ्या कंपन्यांत ‘विविधता’ या नावाच्या विभागात काम करतात. ते मला सांगतात की आधी मनं बदलली पाहिजेत. शिबिरं होतात, शपथा होतात, ८ मार्चला गुलाबाची फुलं वाटतात. त्यांचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. पण मनं बदलेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं तर माझ्या लाइनवरच्या मुली अजून तहानलेल्या असत्या. मी त्यांना म्हणते, तुमच्याकडचा धोटा शोधा. एका माणसाचा एक दिवस घ्या, घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत, आणि त्याच्याबरोबर चाला. कोण त्याला कामावर घेतं आणि काय विचारून? पाणी कुठे पितो? डबा कुणाबरोबर खातो? बढती ज्या गप्पांत ठरते त्या गप्पा रात्री नऊनंतर होतात का, आणि तिथे कोण पोचूच शकत नाही? ‘कामच तसं आहे’ असं कुणी म्हटलं की थांबा, आणि काम खरंच तसं आहे का ते तपासा.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा या दृष्टीनं मला फार मोलाचा वाटतो. सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण त्यानं तीनवरून चार टक्के केलं, ते महत्त्वाचं आहेच. पण त्याहून दूर जाणारी गोष्ट म्हणजे ‘वाजवी सोय’ ही कल्पना. माणसाला कामात बसवता येत नसेल तर कामाची मांडणी बदला, आणि न बदलणं हाच भेदभाव समजा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका उमेदवाराचं प्रकरण आलं. लिहिताना हाताला पेटके यायचे, म्हणून नागरी सेवा परीक्षेत त्यानं लेखनिक मागितला होता. अपंगत्वाची ठरावीक टक्केवारी नाही म्हणून तो नाकारला गेला. लेखनिक मिळणं हा त्याचा हक्क आहे असं न्यायालयानं सांगितलं. परीक्षा ज्ञानाची आहे, मनगटाची नाही. धोट्याबाबत हेच १९२८ साली म्हणता आलं असतं. काम कापड विणायचं आहे, सूत ओढायचं नाही.

खर्चाचा प्रश्न येतो, आणि तो खोटा नाही. लहान कारखानदाराला एक स्वच्छतागृहही जड जातं, हे मी पाहिलं आहे. पण त्या चर्चेत मी नेहमी आमच्या सात मुलींच्या राजीनाम्यांचा हिशेब मांडायची. शिकवायला लागलेले महिने, बिघडलेला माल, पुन्हा भरती. तो खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, म्हणून तो नाहीच असं सगळे धरून चालतात.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आयोजकांसाठी आहे. ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्यांनी याच वस्तीत रात्रशाळा चालवली. दिवसा गिरणीत असलेली मुलं त्यांनी रात्री शिकवली, कारण शाळेची वेळ मुलांना जमत नव्हती. आज या सभागृहात येण्यासाठी मी अठ्ठावीस पायऱ्या चढले. गुडघ्यांमुळे सावकाश, पण चढले. खाली जिन्यापाशी एक गृहस्थ कुबड्या टेकून उभे होते. त्यांना कुणी ‘लाउडस्पीकर खाली लावलाय, ऐकू येईल’ असं सांगत होतं. ते दरवर्षी खालूनच ऐकतात, असं मला कळलं.

इथल्या शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग मी येताना पाहिला. बाकं हलवली तर शंभर-सव्वाशे माणसं बसतील, उरलेल्यांसाठी व्हरांड्यात सतरंज्या घालता येतील. उद्याचं व्याख्यान तिथे घ्यावं अशी माझी विनंती आहे. बाकं उचलायला मी सकाळी दहाला येते.